माईंच्या खोलीतली हवा

१

माझ्या दोन पेट्या परत आणायला त्या घरी गेले तेव्हा दार सताड उघडं होतं. दाराशी चपलांचा एवढा ढीग पडला होता की आत काय झालंय हे कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

माई गेल्या होत्या. आदल्या दिवशी सकाळी.

माझा धंदा घरातली हवा तपासायचा. सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. हवेत काय तपासता, ती दिसते तरी का, असं विचारतात. मग मी त्यांच्याच पलंगामागची बुरशी दाखवते, नव्या कपाटाच्या रंगातून महिनोन् महिने काय बाहेर पडतं ते सांगते, आणि हसू थांबतं. पाणी उकळून, गाळून पिणारी माणसं रात्रभर कसल्या हवेत झोपतात याचा त्यांना पत्ता नसतो.

या घरी मला बोलावलं होतं ताईंनी. माईंची थोरली मुलगी, एका शाळेची मुख्याध्यापिका. माईंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. खोकला वाढला तसं डॉक्टर म्हणाले, घरात ओल आहे का बघून घ्या. म्हणून मी एक पेटी माईंच्या खोलीत कपाटावर ठेवली, आणि तुलनेसाठी दुसरी हॉलमध्ये टीव्हीमागे. आवाज नाही, दिवा नाही. पुस्तकाएवढी डबी. रात्रंदिवस हवा चाखत बसते आणि जे कळेल ते साठवते.

ताई हॉलमध्येच भेटल्या. डोळे कोरडे. केस नीट विंचरलेले.

“घेऊन जा तुमच्या पेट्या,” त्या म्हणाल्या. “आता खोकला कशानं होत होता ते कळून काय करायचंय.”

“शेवटी फार त्रास झाला का त्यांना?”

ताई म्हणाल्या, “माई आजारानं नाही गेली. तिला मारलं.”

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. काल सकाळीच काढलेला. पलंगाशेजारच्या भिंतीतलं सॉकेट, त्यात मोबाइलचा पांढरा चार्जर, त्याची वायर खाली लोंबतेय. आणि फरशीवर मशीनचा काळा जाड प्लग.

“मावशीचा चार्जर,” ताई म्हणाल्या. “फोन चार्ज करायला माईचं मशीन काढून ठेवलं आणि खाटेवर घोरत पडली. सकाळी मी आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. भावानं पोलिसांना बोलावलं. कालपासून कोठडीत आहे ती.”

मावशी म्हणजे माईंना रात्री सांभाळणारी बाई, एका एजन्सीनं पाठवलेली. पेटी ठेवायला गेले त्या दिवशी मी तिला पाहिलं होतं. माईंना कुशीवर वळवताना ती त्यांच्याशी सारखी बोलत होती. माई उत्तर देत नव्हत्या, पण हिचं चालूच. “हां, आता डावीकडं. आज काय रुसलात का माझ्यावर?” असं.

मी पेट्या पिशवीत घातल्या आणि ऑफिसात आले. अहवाल आता कुणालाच नको होता. तरी पेट्या जोडल्या, सवय म्हणून. माईंच्या खोलीतली शेवटची रात्र पडद्यावर आली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

त्या रात्री मावशी त्या खोलीत झोपलेलीच नव्हती.

२

हे मला कसं कळलं ते सांगते. त्यात जादू काही नाही.

माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद खोलीत तो साठत जातो. एक माणूस झोपला असेल तर रेघ हळूहळू चढते, दोघं असतील तर भराभर. दार उघडलं की झटकन खाली येते. आधीच्या सगळ्या रात्री माईंच्या खोलीतली रेघ दोन माणसांची होती, म्हणजे माई आणि मावशी. हॉलमध्ये रात्री कुणीच नसायचं, तिथली रेघ आडवी पडलेली असायची.

शेवटच्या रात्री मध्यरात्र उलटली आणि माईंच्या खोलीतली रेघ दचकल्यासारखी खाली आली. कुणीतरी दार उघडून बाहेर गेलं. पुन्हा चढू लागली ती एकाच माणसाची. आणि नेमकी तेव्हाच हॉलमधली रेघ वर सरकू लागली, ती सकाळपर्यंत.

मी पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर निवृत्तीला आलेले, सर्दीनं बेजार झालेले. मावशी खोलीत नव्हती एवढं ऐकूनच त्यांनी रुमाल खिशात घातला आणि मावशीला बाहेर बोलावलं. ती समोरच्या बाकावर काठावर बसली.

“मी खोलीतच होते,” तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. “सगळ्यांना सांगितलंय. मी काही केलं नाही. मी खोलीतच होते.”

“मावशी,” मी म्हटलं, “तुम्ही हॉलमध्ये झोपला होतात.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“कुणी सांगितलं?”

“हवेनं.”

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिचे खांदे पडले. “अंगात ताप होता. त्या मशीनची घरघर डोक्यात जात होती. म्हटलं जरा सोफ्यावर पाठ टेकते. आवाज तिथंही येतो, आवाज येतोय तोवर माई ठीक आहेत. त्या आवाजावर भरवसा ठेवून डोळा लागला माझा.” ती इन्स्पेक्टरांकडे वळली. “पेशंटला सोडून गेलं की एजन्सी दारात उभं करत नाही, साहेब. म्हणून बोलले खोटं.”

“उठवलं कुणी?” मी विचारलं.

“ताईंनी. गदागदा हलवलं, दंडाला धरून आत नेलं. आत गेले तर माई अशा... आणि तेवढ्यात दादा जिन्यानं खाली आले.”

इन्स्पेक्टरांनी भुवया वर केल्या. “ताईंनी तुला सोफ्यावरून उठवलं?”

“हो.”

“ताई तर म्हणतात, तू खोलीत खाटेवर घोरत होतीस.”

मला मावशीची घालमेल समजत होती. तिला वाचवणारी गोष्ट आणि तिचं खोटं उघडं पाडणारी गोष्ट एकच होती. ताईंनी तिची लबाडी झाकली असं वाटून ती आतापर्यंत मनातल्या मनात त्यांचे उपकार मानत होती.

“आणि चार्जर?” मी विचारलं.

“माझ्या पिशवीत. पिशवी माईंच्या खोलीत, खाटेखाली. फोन संध्याकाळीच भरून घेतला होता. रात्रभर तो माझ्या उशाखाली होता, सोफ्यावर.”

मला ताईंच्या मोबाइलवरचा फोटो आठवला. चार्जरची वायर मोकळी लोंबत होती. दुसऱ्या टोकाला फोन नव्हताच.

मावशीला आत नेल्यावर इन्स्पेक्टर म्हणाले, “फोन हॉलमध्ये आणि चार्जर खोलीत. ठीक आहे, विचार करण्यासारखं आहे. पण मग उलट वाईटच झालं की. ही बाहेर झोपली, म्हातारी आत एकटी पडली.”

“एकटी नव्हती,” मी म्हटलं. “मी खरं तर तेच सांगायला आलेय. मावशी बाहेर गेल्यावर माईंच्या खोलीत दुसरं कुणीतरी आलं. आणि सकाळपर्यंत तिथंच बसून राहिलं.”

३

मी त्यांना रेघ बोटानं दाखवली. मावशी गेल्यानंतर बराच वेळ एकच माणूस. मग रेघ पुन्हा उभी चढू लागते, म्हणजे दोघं. नंतर थोड्या वेळानं चढ पुन्हा मंदावतो. एक. तो एक उजाडेपर्यंत टिकतो.

“म्हणजे आलेला माणूस निघून गेला,” इन्स्पेक्टर म्हणाले. “मागे माई राहिल्या.”

“डॉक्टर सकाळी आले तेव्हा काय म्हणाले?”

त्यांनी समोरची फाइल उघडली. “अंग गार पडून कडक झालं होतं म्हणाले. जाऊन काही तास झालेत.”

“म्हणजे श्वास थांबला तो माईंचा. उरला तो दुसऱ्याचा.”

खोलीत पंखा फिरत होता. त्यांनी उठून तो बंद केला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“अजून एक आहे,” मी म्हटलं. “ते मशीन चालतं तेव्हा गरम हवा फेकतं. रोज रात्री खोलीचं तापमान त्याच्यामुळे वर असायचं. त्या रात्री दुसरं माणूस आत आल्यावर थोड्याच वेळात ते उतरायला लागलं. मशीन तेव्हा बंद झालं. मावशी तेव्हा हॉलमध्ये होती, हॉलमधली रेघ न खंडता तशीच चढत राहिलीय.”

“कोण होतं ते माणूस?”

“हवा मोजून देते, साहेब. नाव सांगत नाही.”

ते जरा हसले, मग शिंकले. “मी गेलो तर ताई, भाऊ आणि वडील, तिघंही दातखिळी बसल्यासारखे वागतील. तुमचा अहवाल राहिलाय ना? तुम्ही जा.”

अहवालासाठी मी प्रत्येक घरात तेच प्रश्न विचारते. कोण कुठे झोपतं, खिडक्या केव्हा उघडता, रात्री कोण उठतं. त्या प्रश्नांना कुणी घाबरत नाही. माझ्या मनात मात्र त्या दिवशी एकच नाव घोळत होतं. ताई खोटं बोलल्या होत्या.

दार ताईंच्या धाकट्या भावानं उघडलं. वरच्या मजल्यावर तो एकटाच राहतो, एका छापखान्यात पाळीनं काम करतो. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. मी पिशवीतून कागद काढला, त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

“मी म्हणत होतो, हॉस्पिटलात ठेवू. ताईनं ऐकलं नाही. घरचं माणूस घरात राहील म्हणे. घरात आणून ठेवली ती बाई आणि...” त्यानं वाक्य तोडलं.

“तुम्हाला वर काही ऐकू यायचं का?”

“मशीन. सारखं. भिंतीतून जिन्यात, जिन्यातून वर. सवय झाली होती. त्या सकाळी मला जाग आली ती कशानं सांगू? आवाज नव्हता म्हणून. डोळे उघडले, घर असं मुकं. मी वरूनच ओरडलो, मशीन का बंद आहे? आणि खाली धावलो.”

“रात्री मध्येच बंद पडलं असेल तर कळलं नाही?”

“मध्ये बंद पडलं तर कळल्याशिवाय राहील का? लाइट गेली की ते जे बोंबलतं, अख्खी गल्ली उठून बसते. आत बॅटरीवरचा भोंगा आहे त्याला. मागे एकदा लाइट गेली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून लोक खाली आले होते.”

“प्लग काढला तरी वाजतो तो?”

“वाजणारच. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.”

“मग त्या रात्री वाजला?”

तो उत्तर द्यायला निघाला होता. शब्द तोंडातच राहिला. त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं, काय म्हणायला निघालो ते.

“नाही,” तो म्हणाला. “नाही वाजला.”

४

माईंच्या खोलीत गादी उचलून ठेवली होती. मशीन अजून तिथंच, कोपऱ्यात. भाड्यानं घेतलेलं, न्यायला माणूस यायचा होता.

“कुणी हात लावलाय याला?” मी विचारलं.

“कशाला लावेल कुणी,” धाकटा दारातून म्हणाला. “मला तर बघवत नाही त्याच्याकडे.”

मी प्लग सॉकेटात घातला. काही झालं नाही. मशीनवर समोर एक हिरवं बटण आहे, ते बाहेर आलेलं होतं. म्हणजे मशीन आधी बटणानं बंद केलेलं होतं. प्लग नंतर निघाला. फोन चार्ज करायच्या घाईत कुणी पेंगुळलेलं माणूस एवढं सगळं करत नाही. ते नुसतं ओढतं.

मी बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं. धाकट्यानं भिंतीला हात टेकला.

मग मी चालू मशीनचा प्लग ओढला.

तो आवाज वर्णन करण्यासारखा नाही. कानात काहीतरी आरपार घुसल्यासारखं झालं. हॉलमधून ताई धावत आल्या. दारात थांबल्या, मशीनकडे, माझ्या हातातल्या प्लगकडे पाहिलं.

“बंद करा ते,” त्या म्हणाल्या. “मॅडम, बंद करा.”

त्या गोंगाटात मला क्षणभर काही सुधरेना. तेवढ्यात माझ्यामागे एक कडी वाजली. खोलीला लागून बाथरूम आहे, त्याचं दार मी पाहिलं होतं. ते उघडलं आणि त्यातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, त्यावर शाल, पाय अनवाणी आणि ओले. माईंचे यजमान. घरात सगळे त्यांना नाना म्हणत.

ते कुणाकडेही न बघता मशीनजवळ गेले, वाकले, आणि ते हिरवं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. भोंगा थांबला.

“असं ओढायचं नसतं,” ते मला म्हणाले, शिकवायच्या सुरात. “आधी बटण. मग प्लग. नाहीतर ओरडतं ते.”

मी बाथरूमच्या उघड्या दारातून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या भिंतीतही एक दार होतं, तेही उघडं. त्यातून नानांचा पलंग दिसत होता.

५

मी माझ्या कागदावर बोट ठेवून उभी राहिले. आलेखात एक गोष्ट मला सकाळपासून बोचत होती आणि मी ती बाजूला सारत आले होते. मावशी बाहेर गेली तेव्हा हॉलचं दार उघडलं, रेघ खाली आली. सरळ आहे. पण दुसरं माणूस आत आलं तेव्हा रेघ खाली आलीच नाही. हॉलचं दार उघडलंच नव्हतं. त्याऐवजी खोलीतली दमट हवा वाढली होती, एकदम, ओल्या जागेचं दार उघडल्यासारखी. ताई आणि धाकटा, दोघांनाही माईंकडे यायचं तर हॉलमधूनच यावं लागतं, सोफ्यावर झोपलेल्या मावशीसमोरून. बाथरूममधून येऊ शकणारं माणूस घरात एकच होतं.

“नाना, जरा बसा,” मी म्हटलं.

“नाना, तुम्ही खोलीत जा,” ताई म्हणाल्या. “मॅडम निघतायत.”

नाना मावशीच्या खाटेवर बसले. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. बोटं लांब, नखं स्वच्छ. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“मावशी आज पण नाही आली?” त्यांनी विचारलं.

“त्या कुठे गेल्यात असं सांगितलंय तुम्हाला?”

“गावाला. मुलगी आजारी पडली तिची. ताई म्हणाली.”

“मॅडम, बास,” ताईंचा आवाज शाळेतला झाला. “तुमचं काम हवेचं. घरातल्या गोष्टीत पडू नका.”

मी थांबायला हवं होतं का? त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पण ठाण्यातल्या त्या बाकावर पदर गुंडाळत बसलेली बाई माझ्या डोळ्यांसमोर होती.

“नाना,” मी म्हटलं, “मावशी गावाला गेल्या नाहीत. पोलिसांच्या कोठडीत आहेत. माईंचं मशीन त्यांनी बंद केलं असा आरोप आहे.”

नानांनी मुलीकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली. इतकं नेमकं उत्तर शब्दांत देता आलं नसतं.

“तिनं नाही बंद केलं,” नाना म्हणाले. “मी केलं.”

धाकटा दारात होता. तो खाली फरशीवर बसला.

“तिच्या यातना तुम्हाला बघवत नव्हत्या,” तो म्हणाला. “हो ना, नाना? तिनं सांगितलं तुम्हाला. सोडव म्हणाली.”

माझी खात्री आहे, ‘हो’ म्हणणं नानांना अगदी सोपं होतं. मुलगा ते त्यांच्या तोंडापर्यंत घेऊन आला होता.

“नाही,” ते म्हणाले. “ती काही म्हणाली नाही. दोन वर्षं ते मशीन माझ्या उशापलीकडे घरघरतंय. कापूस घातला, औषधं घेतली, ताईच्या खोलीत झोपून पाहिलं. झोप नाही. त्या रात्री उठलो, बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारलं, इकडचं दार लोटलं. मावशी नव्हती. म्हटलं थोडा वेळ बंद करू. थोडाच वेळ. मला फक्त शांतता हवी होती.”

“नाना, पुरे,” ताई म्हणाल्या.

“बंद केलं आणि इथं बसलो. तिनं डोळे उघडले. माझा हात धरला. जोर होता गं तिच्या हातात, अजून होता. मला कळत होतं बटण दाबायला हवं. हात पोचत होता माझा. पण इतकं शांत वाटत होतं की मी नुसता बसून राहिलो. मग तिचा हात सैल पडला. मग मला झोप लागली. बसल्या बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप.”

त्यांनी हे रडून सांगितलं असतं तर ऐकणं सोपं गेलं असतं. ते रडले नाहीत.

उरलेलं ताईंनी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. उजाडताना त्या उठल्या, मावशीला सोफ्यावर पाहून भडकल्या, आत आल्या तर आई गेलेली आणि वडील तिचा हात धरून झोपलेले. मशीनचं बटण बाहेर. सगळं एका नजरेत कळलं. नानांना उठवून बाथरूममधून त्यांच्या पलंगावर नेऊन झोपवलं. परत आल्या आणि वरून धाकट्याची हाक आली, मशीन का बंद आहे.

“परत चालू करायचं होतं,” मी म्हटलं. “कुणाला काही कळलं नसतं.”

“तो जिन्यात होता. आवाज आत्ता सुरू झाला हे त्याला कळलं असतं.” त्या एका दमात बोलत होत्या. “मावशीची पिशवी पायाशी होती. वर चार्जर. प्लग काढला, तो लावला. बाहेर जाऊन तिला ओढत आत आणलं. विचार नाही केला मी. हात आपोआप चालले.”

“पोलिसांसमोर हात नाही चालले, ताई. तिथे तुम्ही बोललात.”

त्या वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण रागही होता, खराखुरा. “तिनं खोलीत असायला हवं होतं. ती जागेवर असती तर नाना आत येऊन परत गेले असते. माझी आई जिवंत असती. मग दोष तिचा नाही? ऐंशी वर्षांच्या माणसाला कोठडीत पाठवू मी?”

उत्तर नानांनी दिलं. ते उठले, भिंतीला धरून.

“धाकट्या,” ते म्हणाले, “सदरा दे माझा. आणि रिक्षा बघ.”

६

इन्स्पेक्टरांनी नानांचं सगळं लिहून घेतलं. मध्ये कुणीही त्यांना थांबवलं नाही. दोनदा त्यांनी स्वतःच मागं जाऊन एक शब्द बदलायला लावला. ‘तिच्या वेदना पाहवेनात’ असं हवालदारानं आपल्या मनानं घातलं होतं. ते त्यांनी खोडायला सांगितलं. सही करून झाल्यावर इन्स्पेक्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, पाणी दिलं, आणि ताईंना म्हणाले की तुमचाही जबाब आता नव्यानं होईल, कुठे जाऊ नका.

मावशीला सोडलं तेव्हा तिच्या हातात तिची तीच पिशवी होती. ती नानांसमोरून गेली. नाना उठू लागले, त्यांना जमेना. हात जोडले त्यांनी. मावशी थांबली.

“मी रोज त्यांचे केस विंचरायचे, नाना,” ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

बाहेर पायऱ्यांवर ताई होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे केस विस्कटले होते. त्या पुढे आल्या.

“मावशी, माझं चुकलं. मला माफ कर. मी काय करत होते मला कळत नव्हतं. तुला जे लागेल ते...”

“माफीचं नंतर बघू,” मावशी म्हणाली. “आधी एजन्सीत फोन लावा.”

“अं?”

“त्यांनी सगळीकडे कळवलंय माझ्याबद्दल. काल कोठडीतच निरोप आला. आता मला कुणी घरात घेणार नाही, ना म्हाताऱ्यासाठी ना बाळासाठी. तुम्ही सांगा त्यांना. आत्ता, माझ्यासमोर.”

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. पायऱ्यांवर माणसं होती. दोन हवालदार, कुणाची तरी वाट बघत बसलेलं एक कुटुंब, धाकटा, मी. ताईंच्या शाळेतल्या मुलांचे पालकही असतील त्यात, कोण जाणे. त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला. पलीकडे कुणीतरी बोललं.

“मी... तुमच्याकडच्या मावशींबद्दल बोलायचं होतं,” ताई म्हणाल्या. तोंडावर हात घेऊन, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू. “तो जो प्रकार झाला, त्यात त्यांचा... म्हणजे काहीतरी गैरसमज झाला होता...”

“गैरसमज नाही,” मावशी शेजारून म्हणाली.

ताईंनी डोळे मिटले.

“त्यांनी काही केलं नाही,” त्या म्हणाल्या. “चार्जर मी लावला. मी खोटं बोलले.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईंनी फोन कानापासून दूर केला. मावशीनं पिशवी पायरीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून ताईंच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“त्यांना नीट ऐकू आलेलं दिसत नाही, ताई,” ती म्हणाली. “परत सांगा. मोठ्यानं.”